एकदाच सांगणारे गुरुजी

ज्या मुख्याध्यापकांची स्वतःची मुलगी शाळेत जात नव्हती, त्यांच्या हाताखाली मी सहा वर्षं शाळेत शिकवलं. असं सांगितलं की माणसं हसतात. त्यांना वाटतं मी थट्टा करतेय. मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मीही हसलेच होते. गुरुजी हसले नाहीत, आणि मग माझा चेहरा पाहण्यासारखा झाला असणार.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. शाळा पाटसपासून तीनेक किलोमीटर आत, उसाच्या शेतांमधल्या एका वस्तीवर. दोन खोल्या, दोन शिक्षक, एक घंटा आणि माझ्या खिडकीला लागून एक भलंमोठं कडुलिंबाचं झाड. मी दौंडहून एसटीनं पाटसला यायची आणि तिथून सायकलनं शाळेत. पहिली-दुसरी गुरुजींकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. इतर ठिकाणी मोठे वर्ग मुख्याध्यापक घेतात. गुरुजींचं म्हणणं वेगळं. "ल्हान पोराला जाणतं माणूस लागतं, बाई. मोठ्या पोराला कुणी बी चालतं." हे त्यांनी मला तोंडावर सांगितलं. म्हणजे मी 'कुणी बी'.

रुजू झाले त्या दिवशी मी खडूचं खोकं उघडलं आणि किंचाळले. आत विंचू होता. गुरुजी शेजारच्या खोलीतून सावकाश आले, खोक्यात डोकावले आणि म्हणाले, "वरडू नका, तिच्या पाठीवर पिल्लं हायती." खरंच होती, तांदळाच्या कण्यांसारखी पांढरी. पिल्लं आईच्या पाठीवरून किती दिवसांनी उतरतात, हे गुरुजींना बघायचं होतं. पुढचे कितीतरी दिवस वर्गातली पोरं रोज आल्याआल्या आधी खोक्याकडे धावायची आणि मी खडू घरून घेऊन यायची. नोकरी नवीन होती म्हणून गप्प बसले, नाहीतर त्याच दिवशी राजीनामा लिहिला असता.

गुरुजी कुठलीही गोष्ट एकदाच सांगायचे. धडा एकदाच वाचायचे, मग पुस्तक मिटून पोरांना म्हणायचे, "आता तू सांग." पोराचं लक्ष नसलं तर ते गेलं. पुन्हा वाचणं नाही. पंधरा मिनिटं झाली की घंटा वाजवून विषय बदलायचे, गणित अर्ध्यावर असलं तरी. हे पोरांपुरतं असतं तर मी समजू शकले असते, पण मोठ्या माणसांशीही त्यांचं हेच. दौंडला शिक्षकांच्या मीटिंगला शिक्षणखात्याच्या साहेबांनी त्यांना काहीतरी विचारलं. गुरुजींनी उत्तर दिलं. पंख्याच्या आवाजात साहेबांना ऐकू गेलं नाही. "काय म्हणालात?" गुरुजी शांतपणे साहेबांकडे बघत राहिले. सगळी मीटिंग त्यांच्याकडे बघत राहिली. शेवटी शेजारच्या गुरुजींनी ते उत्तर साहेबांना सांगितलं. शाळेकडे परतताना मी बसमध्ये म्हटलं, "अहो गुरुजी, निदान साहेबांना तरी!" ते म्हणाले, "पुन्यांदा सांगनार म्हटलं, की माणूस पहिल्यांदा ऐकतच न्हाई." मी मुद्दाम विचारलं, "काय म्हणालात?" पाटस येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते.

हे सगळं आलं कुठून, तर शिरूरहून. गुरुजींचं घराणं मेंढरांमागं फिरणारं. पुढं वस्तीवर स्थिरावले, ऊस लावला, तरी त्यांच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, हट्टानं तीसेक मेंढरं ठेवलीच होती. गुरुजींना लहानपणी शिरूरच्या मिशनच्या बोर्डिंगात घातलं होतं. तिथं एक मराठी ख्रिस्ती बाई होत्या. दर शनिवारी त्या पोरांना घोड नदीच्या पात्रात न्यायच्या, हातात एकेक वही द्यायच्या आणि म्हणायच्या, दिसतं ते लिहा. बाकी मास्तरांची नावंसुद्धा गुरुजींना आठवत नव्हती. त्या बाई मात्र अजून शिरूरला मिशनच्या आवारात राहत होत्या आणि गुरुजी दिवाळीच्या सुट्टीत न चुकता त्यांना भेटायला जायचे. मुलगी झाली तेव्हाच त्यांनी ठरवलं होतं, की हिला त्या शनिवारासारखं शिकवायचं, आणि आठवड्याचे सातही दिवस.

मुलीचं नाव हिरा. ती गुरुजींना आप्पा म्हणायची. तिची आई ती तान्ही असतानाच गेली होती. सकाळी तासभर गुरुजी तिला वाचून दाखवायचे, एकदाच, आणि ती ते सगळं सांगून दाखवायची. मग गुरुजी शाळेत आणि ती आबांबरोबर मेंढरांमागं. काखेत वही. मी एकदा त्यांच्या घरी गेले होते, तेव्हा ती अंगणात मुंग्यांच्या वारुळापाशी पालथी पडली होती. मी चहा प्यायले, आबांशी गप्पा मारल्या, निघाले, तरी ती तिथंच. नऊ वर्षांचं पोर! माझ्या वर्गातलं एखादं असतं तर मी दोनदा हाक मारून पाठीत धपाटा घातला असता.

वहीचे नियम होते. खोडायचं नाही, घरात रबरच नव्हतं. पान फाडायचं नाही. बरं-वाईट लिहायचं नाही, दिसलं तेवढंच. नाव सगळ्यात शेवटी. आधी पाखरू वर्षभर बघायचं, मग त्याचं नाव विचारायचं. "नाव कळलं की बघणं थांबतं," असं गुरुजींचं मत. आणि वही तिची. तिला विचारल्याशिवाय तेसुद्धा उघडत नसत.

मी निघताना हिरानं मान वर केली आणि विचारलं, "बाई, तुमच्या वर्गाची खिडकी कुठल्या दिशेला हाय?"

मी तिसरीला दिशा शिकवत होते. त्या खिडकीशी उभी राहून शिकवत होते. आणि मला सांगता येईना. सायकलवर बसेपर्यंत माझे कान गरम होते.

एकदा मी चिडून विचारलंच, "गुरुजी, आमच्या शाळेत चाळीस पोरं आणि तुमची घरी. हे बरं दिसतं का? तुम्हीच इथे पगार घेता!" ते म्हणाले, "नोकरी मला हाय, बाई. तिला न्हाई." वस्तीवरही कुरबुर होती. कारखान्यात कामाला असलेला एक पालक मला म्हणाला होता, "गुरुजी आपली पोरगी घालत न्हाईत, म्हंजी मालात कायतरी खोट हाय."

आता खरी गोष्ट.

तिसऱ्या वर्षी तोडणी कामगारांची दोन कुटुंबं वस्ती सोडून गेली आणि शाळेचा पट घसरला. एक नाव कमी पडत होतं. एकच. तेवढ्यानं दुसऱ्या शिक्षकाची जागा जाणार होती आणि दुसरी शिक्षक म्हणजे मी. अतिरिक्त ठरले असते तर वेल्ह्याच्या डोंगरात कुठेतरी पाठवणी. माझे यजमान दौंडला रेल्वेत, पाळ्यांची नोकरी. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. बाळ दीड वर्षाचं. वेल्ह्याहून रोज परत येणं शक्य नव्हतं. मी गुरुजींसमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "हिराचं नाव घाला. नुसतं नाव. तिला यायला नको काही नको. सगळ्या शाळा दोन-चार नावं अशीच घालतात."

"जी येत न्हाई तिला हजर कशी लिहू?"

"गुरुजी, माझं बाळ लहान आहे हो."

मी पुन्हा म्हटलं. ते माझ्या डोक्यावरून लिंबाकडे बघत होते. उत्तर एकदा देऊन झालं होतं. मला इतका धक्का बसला की रडूसुद्धा आलं नाही. विंचवाच्या पिल्लांची दिवसच्या दिवस काळजी करणाऱ्या या माणसाला माझ्या पिल्लाचं काही वाटू नये? त्या दिवशी मी त्यांचा मनापासून राग राग केला.

आणि दुसऱ्या दिवशी, जुलैतल्या एका मंगळवारी, मी तिसरीच्या हजेरीत शेवटच्या ओळीवर हिराचं नाव लिहिलं आणि पुढं 'ह' मांडला.

एवढ्यावर भागत नाही. साहेब आले तर पोरांना विचारतात, ही तुमच्या वर्गात आहे का? पोरांच्या कानाला नाव सवयीचं हवं. म्हणून मी रोज हजेरीत तिचं नाव मोठ्यानं घ्यायची. पहिल्या दिवशी नाव घेतल्यावर पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मग पहिल्या ओळीतली मंगल, भारी चुणचुणीत पोर, तीच हसून "हजर" म्हणाली. तिला तो खेळ वाटला. मी तिला थांबवलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ते तिचं कामच झालं. महिनाअखेरीला मी हजेरी गुरुजींपुढे ठेवली. त्यांनी सही केली. पानावर नजर टाकली की नाही कोण जाणे. सगळं जग टिपणाऱ्या माणसाला नेमकी ही ओळ दिसली नाही, म्हणून मी मनात देवाचे आभार मानले. जागा वाचली.

जानेवारीत साहेब आले. न कळवता, मोटारसायकलवर, दुपारच्या सुट्टीत. कुणीतरी अर्ज केला होता, की मुख्याध्यापकांचीच मुलगी शाळाबाह्य आहे. साहेबांनी तिसरीची हजेरी मागितली, बोट फिरवलं आणि चक्रावले. "अहो, ही तर पटावर आहे. रोज हजर आहे. आजही हजर आहे!" मग माझ्याकडे वळले. "कुठे आहे मुलगी?"

"जेवायला गेली आहे," मी म्हटलं. इतकं सराईत खोटं माझ्या तोंडून निघालं, की माझं मलाच नवल वाटलं.

"बोलवा."

गुरुजींनी एका पोराला पिटाळलं. आबांची मेंढरं जवळच तुटलेल्या उसाच्या रानात होती. तेवढ्या वेळात मी मनातल्या मनात वेल्ह्याला पोचले. नुसती बदली नव्हे, आता निलंबन. ही पोरगी खोटं बोलणारी नाही. तिला बोलताच येत नाही खोटं, तसं शिकवलंयच कुणी?

हिरा आली. पायाला चिखल, काखेत वही. पोरं भोवती गोळा झाली.

"नाव काय? शाळेत येतेस का?" साहेबांनी विचारलं.

"येते की. रोज."

"कुठे बसतेस?"

"खिडकीपाशी."

"बरं. आज काय झालं वर्गात, सांग बघू."

हिरानं डोळे मिटले, घरी वडिलांसमोर मिटते तसे, आणि सुरू झाली. "परार्थना झाली. बाईंनी हजेरी घेतली. माझं नाव आलं, त्याला हजर झालं. मग बाईंनी जिल्ह्याचा नकाशा काढला. भीमा काढली. घोड नदी खालनं येऊन भीमेला मिळती आशी काढली. मग बघितली, पुसली, आन् वरनं काढली. बाई म्हणाल्या, घोड नदीकाठी शिरूर हाय. गण्या म्हणाला, माझी मावशी तिथं हाय. बाई म्हणाल्या, मावशी परीक्षेत येत न्हाई. मंगलनं खडू खाल्ला, तिला पट्टी बसली, एक. बाईंनी घड्याळ बघितलं, दोन येळा. मग कुकडी कुठनं येती ते विचारलं, कुणाला आलं न्हाई..."

ती थांबेचना. माझा अख्खा तास, माझ्या खोकल्यासकट, माझ्या चुकीसकट, तिनं साहेबांपुढे मांडला. चांगलं नाही, वाईट नाही, झालं तेवढंच. साहेब आधी हसू दाबत होते, मग मोठ्यानं हसले. "बाई, अशी एकतरी मुलगी प्रत्येक वर्गात हवी! अर्ज करणाऱ्यांना काय, उद्योग नाहीत." त्यांनी शेरा लिहिला, चहा घेतला आणि गेले.

मी खुर्चीत बसून राहिले. मला काही सुधरेना. आजचा तास हिला कळला कसा? सुट्टी संपल्याची घंटा झाली, पोरं आत आली, हिरा मेंढरांकडे पळाली. तिची वही माझ्या टेबलावरच राहिली. ती उघडण्याचा मला काही हक्क नव्हता. मी उघडली.

मुंग्या, सुगरणीची घरटी, शेळीचा दात. आणि मग एक पान, वर लिहिलेलं, 'शाळा'. जुलैतला मंगळवार. मी नाव लिहिलं तोच दिवस. खाली हिराचं ठसठशीत अक्षर: आप्पा म्हणाले, उद्यापासून रोज एक तास लिंबावर बसून शाळा बघ. पाऊस आला तरी बघ.

पुढची पानंच्या पानं शाळाच. खिडकीच्या चौकटीत मी, वरून काढलेली. माझा भांग वाकडा आहे हे मला त्या दिवशी कळलं. 'बाई सोमवारी उशिरा येतात. पळत येतात.' 'बाईंनी बाळाचा मोजा टेबलावर ठेवला. बाई मोज्याकडे बघतात.' मुंग्यांच्या शेजारी मी. कुणी आपल्याला सहा महिने झाडावरून बघत होतं, या विचारानं अंगावर काटा आला. रागही आला. आणि मग ते वाक्य आलं. ते एका पानावर नव्हतं, बहुतेक प्रत्येक पानावर होतं:

'बाई माझं नाव घेतात. मंगल हजर म्हणते. मग मी पण म्हणते, हळू.'

मी वही मिटली. पुन्हा उघडली. पुन्हा तेच. सहा महिने ते पोर फांदीवर बसून, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, स्वतःची हजेरी देत होतं.

शाळा सुटल्यावर मी गुरुजींना गाठलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी भिंतीपलीकडनं नाव ऐकलं हुतं. आन् सही मी करतो, बाई. न बघता कशी करीन?"

"मग बोलला का नाहीत?"

"एकदा न्हाई म्हणालो होतो की." मग म्हणाले, "खोट्यावर सही होत न्हवती. आन् तुमचं बाळ बी दिसत होतं. म्हटलं, आत न्हाई तर न्हाई, पोरगी शाळेपतूर तरी येऊ द्या. अर्धं खोटं तुमचं, अर्धं माझं."

ज्या माणसाचा मी सहा महिने राग राग केला, त्यानं आपल्या मुलीच्या रानातल्या दिवसातला रोज एक तास माझ्यासाठी तोडून दिला होता. मला इतकी लाज वाटली. आणि त्याच वेळी माझ्या हातात ती वही होती, जिच्यातलं एक वाक्य त्यांनी वाचलेलं नव्हतं. ते दाखवलं तर या माणसानं नऊ वर्षं जे जपलं ते कोसळणार. नाही दाखवलं तर पोर झाडावरच राहणार.

मी आधी हिराला विचारायला रानात गेले. म्हटलं, "तुझी वही मी न विचारता वाचली. चुकले. ते हळू म्हणते ते पान आप्पांना दाखवू?"

ती कोकराच्या पायातला काटा काढत होती. "दाखवा की," ती म्हणाली. "त्यांनी कवा मागितलंच न्हाई."

गुरुजींनी ते पान वाचलं. एकदाच. वही मिटली आणि घंटेच्या खांबाला टेकून उभे राहिले. "मी तिला सांगितलं हुतं, बरं-वाईट लिहायचं न्हाई," एवढंच म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. रविवारी ते शिरूरला त्यांच्या बाईंकडे वही घेऊन गेले. बाई काय म्हणाल्या, हे मी सोमवारी विचारलं. "त्यांनी एकदाच सांगितलं. ते मला पुरं हाय."

त्या सोमवारी हिरा वडिलांचा हात धरून आली. नवं दप्तर शिरूरच्या बाजारातलं. केसांना दोन रिबिनी, त्याही वर-खाली बांधलेल्या, बापाच्या हातच्या. गुरुजी माझ्या वर्गाच्या दाराशी थांबले. "बाई, हिचं नाव घालायचं हाय."

"आहे की, गुरुजी. केव्हाचंच आहे."

ते मान हलवून आपल्या वर्गाकडे गेले. हिरा खिडकीपाशी बसली, आतल्या बाजूला. मी हजेरी घेतली. शेवटचं नाव आलं. सवयीनं मंगल "हजर!" म्हणाली आणि त्याच क्षणी हिराही म्हणाली, इतक्या जोरात की लिंबावरचे कावळे उडाले. सगळा वर्ग खोखो हसला. मंगलनं जीभ चावली. मी 'ह' मांडला. त्या हजेरीत माझ्या हातचा हिराच्या पुढचा तो पहिला खरा 'ह'.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, की शेजारच्या वर्गातून काहीच ऐकू येत नाही. पंधरा मिनिटांची घंटा झालेली नव्हती. मी बाहेर आले. गुरुजी लिंबाखाली उभे होते, माझ्या खिडकीच्या बाहेर, हाताभर अंतरावर. तिथून वर्गातलं कुजबुजलेलंसुद्धा ऐकू जातं, मग हिराचं ते 'हजर' तर अख्ख्या वस्तीला ऐकू गेलं असेल.

"काय म्हणाली?" त्यांनी मला विचारलं.

तीन वर्षांत हा प्रश्न मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता.

"हजर म्हणाली, गुरुजी."

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला. वर फांदीकडे बघितलं, मग खिडकीकडे.

"काय म्हणाली?"

मी पुन्हा सांगितलं.